दोन्ही पिशव्यांत समान भार

त्या गृहस्थांना मी एकंदर अकरा पत्रे लिहिली. त्यांपैकी चार रजिस्टर्ड. उत्तर एकाचेही आले नाही. मात्र प्रत्येक पत्रातील प्रत्येक सूचना त्यांनी अक्षरशः पाळली, आणि त्यांच्याविरुद्ध माझी मूळ तक्रार तीच आहे. सूचना मोडणाऱ्या इसमाविरुद्ध कायद्यात उपाय आहेत. सूचना जशीच्या तशी पाळणाऱ्याविरुद्ध दाद कोठे मागावी, हे रजिस्ट्रेशन कचेरीत हयात घालवूनही मला उमगले नाही.

ते पंचवटीतले तीर्थोपाध्याय. आम्हा निफाडकडच्या शेतकरी घराण्यांची नामावळी त्यांच्याकडे असे. गंगेवर, म्हणजे नाशकास गोदावरीवर, यात्रेस आलेला माणूस उपाध्यायाच्या वहीत स्वहस्ते लिहून जातो, की मी अमुक गावचा, अमक्याचा मुलगा, बरोबर अमुक अमुक मंडळी. या वह्या खारव्यात, म्हणजे तांबड्या जाड कापडात, बांधलेल्या, वीतभर जाड आणि मोडी अक्षरांनी भरलेल्या असत. त्या काळी, म्हणजे एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांत, इतर उपाध्याय हिवाळ्यात यजमानांच्या गावी फेरीस निघत ते आगगाडीने किंवा बैलगाडीने. हे निघत सायकलवर. वय पन्नाशीच्या पुढे, डोक्यास पागोटे, धोतर साखळीत अडकू नये म्हणून उजव्या पोटरीशी सुतळीने करकचून बांधलेले, आणि मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस एकेक फुगीर पिशवी. दुरून पाहणाऱ्यास वाटे, दोन्ही कडांवर मूल घेतलेली एखादी बाई घाईघाईने माहेरी निघाली आहे.

मी प्रथम त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते ओसरीत वाण्याकडून मागून आणलेल्या तागडीसमोर बसले होते. एका पारड्यात गंगेचे पाणी भरून तोंडाला लाख लावलेली तांब्याची गंगाजळी. दुसऱ्यात पंचांग, सोवळे, पळी-पंचपात्र आणि नदीतले तीन गोटे. मी नमस्कार केला. काट्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "यजमान, दाराशी एक चपटा गोटा पडला आहे, तेवढा द्या. अडीच तोळ्यांचा असेल."

मी दिला. काटा मध्यावर स्थिरावला तेव्हा त्यांनी माझ्याकडे प्रथमच पाहिले.

"हे गोटे कशाला वाहता, गुरुजी?"

"गोटे मी कुठे वाहतो? तेच मला नेतात. ते नसले, की सायकल मला ओढ्यात नेते."

या मताचे मूळ मला पुढे कळले. जुन्या नाशकात तंबू आणि कनाती शिवणारे एक खलिफा, म्हणजे उस्ताद शिंपी, होते. त्यांचे वाडवडील पखाली शिवीत. बैलाच्या पाठीवरून दोन्ही बाजूंस लोंबणाऱ्या, पाणी वाहण्याच्या त्या कातडी पिशव्या. उपाध्याय तंबूचे जाड कापड काखेत मारून पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले त्या दिवशीची हकीकत मला खलिफांनीच सांगितली.

"एकच पिशवी शिवा, खलिफा. पण मोठी," उपाध्याय म्हणाले.

"एक मोठी नको, महाराज. एकाच बाजूला पखाल लावलेला बैल पाहिलाय कधी? चालतो, पण वाकडा चालतो, आणि संध्याकाळी बसला की उठत नाही. दोन शिवतो. वरून पट्टा एकच. घोड्यावर पडशी टाकतात, तशी."

"पाणी आत शिरता कामा नये."

"मेण आणि जवसाचं तेल पाजतो कापडाला. आत पाणी शिरणार नाही. तुमच्या नाकात वास शिरेल, त्याला माझ्याकडे इलाज नाही."

तो वास पुढे त्यांच्या आगमनाची वर्दी देऊ लागला. यजमानांची कुत्री तो ओळखीत.

मुंबईस नोकरीला असलेल्या एका यजमानाने त्यांना खास सायकलसाठी केलेल्या चामडी पिशव्यांची विलायती जोडी भेट पाठविली होती. ती त्यांनी परत केली. चामड्यात सोवळे ठेवणार कसे? मी त्यांच्या निदर्शनास आणले, की सायकलची बैठकही चामड्याचीच आहे.

"आसनाला चर्म चालते, यजमान. मृगाजिनावर बसून संध्या करतातच की. बसावे चर्मावर, वाहावे वस्त्रात."

आणि खरोखरच त्यांनी बैठकीवर हरणाच्या कातड्याचा एक तुकडा बांधलेला होता. त्याचे केस दोन जागी पार झिजले होते. हा निवाडा कोणत्या ग्रंथात आहे, अशी पृच्छा मी पत्राने केली. उत्तर नाही. तथापि तो खोडून काढणारे वचनही मला आजवर मिळालेले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

पिशव्या एकदम साधल्या नाहीत. पहिली जोडी बांधली तो पायडलाच्या प्रत्येक फेऱ्यास टाच पिशवीवर आपटू लागली. पंचवटीपासून आडगावापर्यंत त्यांनी स्वतःच्याच सोवळ्यास काही हजार लाथा घातल्या. पिशव्या मागे सरकविल्या, तर चढणीवर पुढचे चाक जमीन सोडू लागले. अखेर खलिफांनी पिशवीचा पुढचा, खालचा कोपरा तिरपा छाटला आणि टाचेला वाट करून दिली. तोच प्रकार कॅरिअरचा. लोहाराने केलेले लोखंडी कॅरिअर खड्ड्याखड्ड्यास वाजे आणि एका हंगामात वाकले. मग बुरूडाकडून बांबूचे करविले. सांधे वेताने बांधलेले, आणि पिशवी चाकाच्या तारांत जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंस वेताची एकेक कमान. काम देताना बुरूड म्हणाला होता, "महाराज, त्यापरीस खुर्ची करून घ्या. खुर्ची बसल्या जागी ऱ्हाती." परंतु ते बांबूचे कॅरिअर लवत असे आणि मोडत नसे. पुढे निफाडला मोटार सुरू झाली, तरी त्यांनी सायकल सोडली नाही. मोटारीच्या टपावर सामान कोणत्या बाजूस किती ठेवतात, हे त्यांनी एकदा उभे राहून पाहिले होते. तेवढे त्यांना पुरले.

फेरीवर त्यांचे वर्तन विचित्र असे. गावोगावी गंगाजळ वाटल्याने एक पिशवी हलकी होत जाई. म्हणून ते भिक्षाही बाजू सांगून घेत. धान्य घेऊन आलेल्या बाईस म्हणत, "मूठभर इकडे, मूठभर तिकडे. सगळे उजवीकडे घालाल तर तुमचे पुण्य मला खड्ड्यात घालील." पेठकडच्या डोंगरातली एक हकीकत त्यांनी स्वतःच मला सांगितली होती. तिथल्या एका म्हातारीने मोठ्या भक्तीने भोपळा आणून दिला. यांनी दुसरा मागितला.

"एकच हाय, महाराज."

"मग विळी आणा."

भोपळ्याचे दोन समान भाग झाले, एकेक पिशवीत गेला, आणि उपाध्याय घाट उतरले. ही हकीकत ऐकून मी हसलो होतो. कायद्याच्या दृष्टीने ती मला मिळालेली स्पष्ट पूर्वसूचना होती आणि मी ती दुर्लक्षिली. याची जबाबदारी मी नाकारीत नाही.

आता दाव्याकडे येतो.

माझी आत्या निफाडला दोन खणांच्या घरात राहत असे. मागे द्राक्षाचा लहानसा मांडव होता; तो तिने एकटीने जगविला होता. पती वारलेले, मूलबाळ नाही. तिचे पती दत्तक होते. त्यांचा चुलतभाऊ, म्हणजे नात्याने तिचा धाकटा दीर, याने दावा लावला, की दत्तविधान मुळी झालेच नाही. सबब घरावर तिच्या पतीचा हक्क नव्हता आणि तिचाही नाही. दत्तकपत्र नव्हते. दत्तविधानाला हजर असलेली माणसे केव्हाच गेली होती. दावा हरली असती, तर साठीच्या वयात तिला एक ट्रंक घेऊन माझ्याकडे यावे लागले असते. ती मला म्हणाली होती, "भाऊ, तुझ्या घरी यायची मला लाज नाय. पन या घरातून निघायची हाय."

पुरावा एकच होता. दत्तक घेणारे गृहस्थ, म्हणजे तिचे सासरे, दुसऱ्याच वर्षी मुलास घेऊन गंगेवर आले होते आणि उपाध्यायांच्या वहीत त्यांनी स्वहस्ते लिहिले होते, 'बरोबर दत्तक पुत्र'. ती ओळ मी डोळ्यांनी पाहिली. पुराव्याच्या कायद्याप्रमाणे तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला, तर त्यावरील सही-अक्षर शाबीत करावे लागत नाही. इतका निर्वेध पुरावा माझ्या हाती त्यापूर्वी कधी आला नव्हता. फक्त ती वही पंचवटीतून निफाडच्या कोर्टात यायची होती.

"गुरुजी, निफाडला आगगाडी जाते," मी म्हणालो.

"जाते. मी मांडीवर वही घेऊन बसणार. शेजारचा विचारणार, काय आहे? सांगितले, की म्हणणार, आमचे नाव काढा. मनमाडापर्यंत मी नावेच काढीत बसेन. निफाड मागेच राहील."

सायकल निश्चित झाल्यावर मी अकरावे पत्र लिहिले. वहीस पाणी लागू नये, सबब गंगाजळी बरोबर घेऊ नये. गोट्यांनी कागद घासतात, सबब गोटे घेऊ नयेत. किंबहुना दोन्ही पिशव्यांत वहीखेरीज कोणतीही वस्तू असू नये. आणि सायकल कलंडून वहीस अपाय होऊ नये, सबब दोन्ही पिशव्यांत भार काटेकोर समान असावा. मसुदा मी तीनदा वाचला. मला तो निर्दोष वाटला.

तारखेच्या दिवशी सकाळी आम्ही दोघे आग्रा रोडने निघालो. मी माझ्या सायकलवर होतो. कागदपत्रांची थैली हँडलला अडकविलेली.

"यजमान, हँडलला पिशवी?" ते मागून ओरडले. "मग सायकल तुमचे ऐकणार नाही हो, पिशवीचे ऐकेल!"

मी पायडल जोराने मारू लागलो. ओझर तेव्हा लहान गाव होते. विमानांच्या कारखान्यास अजून पुष्कळ अवकाश होता. बाणगंगेच्या काठी आम्ही पाणी पिण्यास थांबलो, आणि सावधगिरी म्हणून मी वही पाहू मागितली. त्यांनी डाव्या पिशवीची दोरी सोडून खारव्यातले एक बाड काढले. ते मला बारीक वाटले.

"हे काय?"

"वही."

मी उजव्या पिशवीकडे बोट केले. "आणि त्यात?"

"वहीच."

"गुरुजी, तुम्ही वही कापलीत?"

"छे छे! दोरा उसवला. खलिफांनी उसवला, कात्री कागदाला लागूसुद्धा दिली नाही."

"पण का?"

त्यांनी पागोट्याच्या घडीतून माझे पत्र काढले आणि शांतपणे वाचून दाखविले. "दोन्ही पिशव्यांत वहीखेरीज काही नसावे. भार समान असावा. वही एक, पिशव्या दोन. यातून दुसरे काय निघते, तुम्हीच सांगा."

दुसरे काही निघत नव्हते. मी पत्र पुन्हा वाचले. खरोखरच निघत नव्हते.

"बरोबर मध्यावर उसवली, तरी उजवी बाजू केसभर जड," ते पुढे म्हणाले. "मग एक पान उजवीकडचे डावीकडे घातले."

"कोणते पान?"

"तुमचेच. खुणेचा दोरा घालून ठेवला होता ना तुम्ही? तेच हाताशी आले."

नदीत एक शेतकरी बैल धूत होता. तो बैलाला तसाच सोडून माझ्याकडे पाहत राहिला, यावरून माझा आवाज किती चढला असेल याची कल्पना यावी. उपाध्याय मात्र शांतपणे पिशव्यांची तोंडे बांधीत होते. निफाड येईपर्यंत मी त्यांच्या मागून सायकल चालविली. त्यांची सायकल, हेही नमूद केले पाहिजे, एकदाही कलली नाही.

कोर्टात व्हायचे तेच झाले. प्रतिपक्षाचे वकील दोन्ही बाडे हातांत घेऊन उभे राहिले.

"ही वही आहे?"

"होय," उपाध्याय म्हणाले.

"एक, की दोन?"

"एक. दोन पिशव्यांत आली."

"निफाडची सगळी पाने या भागात. हे एकच पान त्या भागात कसे गेले?"

"भार समान व्हावा म्हणून."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"त्यांच्या." साक्षीदाराने पिंजऱ्यातून सरळ माझ्याकडे बोट केले. "पत्र आहे. दाखवू?"

माझे एखादे पत्र भर कोर्टात मोठ्याने वाचले जावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. ती त्या दिवशी पुरी झाली. पट्टेवालासुद्धा हसला. न्यायाधीश हसले नाहीत. ते म्हणाले, की उसवलेली वही, सुटे पान, तेही जागा सोडून घातलेले. ते मागाहून घातलेले नाही याची मी खातरी कशी करून घ्यावी? प्रश्न रास्त होता. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही तोच विचारला असता. आत्या दाराशी बसली होती. तिला बोलण्यातले सारे कळले नव्हते, पण माझ्या चेहऱ्यावरून जे कळायचे ते कळले असावे. तिने पदर तोंडावर धरला.

वकील तिथेच थांबले असते, तर ते घर गेलेच होते. परंतु त्यांना वही पुरती खोटी पाडून दाखवायची होती. "हे घराणे त्या साली गंगेवर आले होते, याची दुसरी एखादी नोंद आहे तुमच्या वहीत?" त्यांनी छद्मीपणाने विचारले.

"आहे."

"आहे?"

"पुढच्या पानावर." उपाध्यायांनी उजव्या पिशवीतले बाड उघडले आणि एका सुरात वाचू लागले. गावाचे नाव, घराण्याचे नाव, लिहिणाराचे नाव, मग, "'बरोबर थोरले बंधू, त्यांचा दत्तक पुत्र, व मंडळी.'"

"कोणी लिहिले हे?"

"यांच्या वडिलांनी." आणि त्यांनी बोट केले ते थेट दावा लावणाऱ्या दिराकडे.

मी जागेवरून उठून मोठ्याने विचारले, की ही नोंद मला इतके दिवस का सांगितली नाही. कोर्टात असे बोलणे अशिष्ट आहे, हे मला मान्य आहे.

"तुम्ही थोरल्यांची ओळ विचारली होती, यजमान," ते म्हणाले. "धाकट्यांची विचारलीच नाही."

न्यायाधीशांनी मला बसविले आणि दिरास पुढे बोलाविले. तो पन्नाशीचा शेतकरी. त्याने दोन्ही हात धोतरास पुसले आणि मगच पानाला बोट लावले.

"नीट पाहा," त्याचे वकील म्हणाले. "हे अक्षर तुमच्या वडिलांचे नाही, असे साहेबांना सांगा."

तो पाहत राहिला. तेवढ्या वेळात माझी सारी कलमे, सूचना, नोटिसा मला आठवून गेल्या आणि त्यांतली एकही उपयोगाची नव्हती. त्याने नाही म्हटले असते, तर त्याला खोटा पाडणारा माणूस पृथ्वीवर नव्हता.

"बापाचंच हाय, सायेब," तो म्हणाला.

"अहो, नीट पाहा म्हणतो!"

"नीटच पाहतोय. वळ संपली की म्हातारा कलम असं खाली वढायचा. लय मारलंय त्यानं मला त्या कलमानं." मग तो वकिलांकडे वळला. "त्यानं सोताच्या हातानं लिवलंय, त्ये मी खोटं कसं म्हनू? तुमी म्हना, वकीलसायब. तुमचा बाप न्हवं त्यो."

दावा त्याच दिवशी काढून घेतला गेला. आत्याचे घर राहिले. हे कोणत्या कलमान्वये झाले, याचा मी पुढे पुष्कळ शोध घेतला.

कोर्टाने वही परत केली तेव्हा उपाध्याय ओट्यावर बसून दोन्ही बाडे जुळवू लागले. दीर बाजूस उभा होता. बराच वेळ घुटमळून तो खाली बसला.

"महाराज, बापाच्या खाली माझं नाव कुठं हाय?"

"तुम्ही गंगेवर कधी आलात, म्हणून असेल?"

"न्हाय आलो. वावरातून सवड न्हाय." त्याने पानाच्या कडेवरून बोट फिरविले. "यंदा येतो. आत्ता लिवलं तर चालंल का?"

उपाध्यायांनी विचार केला आणि ते मला म्हणाले, "यजमान, दौत-टाक असेल ना तुमच्याकडे?"

होता. मी दिला. कोर्टातून नुकत्याच परत मिळालेल्या दस्तऐवजात, कोर्टाच्याच ओट्यावर बसून, हरलेला वादी भर घालू लागला. त्याने आपले नाव लिहिले, बायकोचे, दोन मुलगे आणि एका मुलीचे. मग टाक तसाच धरून त्याने मान वर केली. आत्या पायरीवर बसून पायातून काढलेली वहाण चाचपत होती.

"वैनी, तुजं बी घालू का?"

आत्याने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "घाल की. पन नीट घाल. न्हायतर पुन्यांदा तारखा."

तो हळूहळू लिहू लागला. मी मागे उभा राहून वाचले. 'भावजय. थोरले चुलते यांचे दत्तक पुत्र, त्यांचे कुटुंब.' दत्तविधानाची ही कबुली, स्वहस्ते आणि साक्षीदारांसमक्ष, मिळावी म्हणून मी त्या माणसास दोन नोटिसा दिल्या होत्या. आता दावाच उरला नव्हता आणि ती कोणास नको होती. मी त्यास खाली तारीख घालण्यास सांगितले. त्याने ती घातली, आणि शाई लवकर वाळावी म्हणून वाकून पानावर फुंकर घालू लागला. थोड्या वेळाने आत्या उठली, त्याच्या शेजारी येऊन बसली, आणि दुसऱ्या बाजूने तीही फुंकू लागली.